धुरक्याआडची खूण

केपाला सकाळी कोणी विचारलं, "काय, मासे धरायला निघालास का?" की झालं. होडी पुन्हा सावलीत ओढून ठेवायची, जाळं खुंटीला टांगायचं आणि त्या माणसाशी दिवसभर अबोला. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात जाताना 'जरा फिरून येतो' एवढंच म्हणतात. मासे ऐकतात अशी समजूत आहे. मी बेटाच्या पलीकडच्या बाजूच्या हिलोची, शहरात वाढलेली. बहिणीकडे पहिल्यांदा राहायला आले आणि हौसेने नेमकं तेच विचारून बसले. हाना, माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरातून धावत आली आणि ओला हात माझ्या तोंडावर ठेवला, पण उशीर झाला होता. केपाने टोपी काढली आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग, आज मासे ती आणेल." त्या दिवशी आम्ही डब्यातलं मांस आणि भात खाल्ला.

पुढे मीही याच गावात लग्न केलं. माझा नवरा गेला, मग हाना गेली, आणि शेजारशेजारच्या दोन घरांत केपा आणि मी असे दोन म्हातारे उरलो. त्याचं खरं नाव योकेपा. गाव त्याला अंकल केपा म्हणायचं, मी नुसतंच केपा म्हणायची आणि रागावले की त्याहूनही कमी. तो माझ्या कॉफीला नावं ठेवायचा आणि रोज प्यायला यायचा. असा तो माणूस होता. तोंडाने खडूस, आणि रात्री माझ्या पाण्याच्या टाकीत पाणी आहे की नाही ते गुपचूप पाहून जाणारा.

त्याची मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती जमिनीवर नव्हती. ओपेलू म्हणून बांगड्याच्या जातीचा मासा आहे. तो समुद्रात ठरावीक जागी जमतो. त्या जागेला कोआ म्हणतात. आमच्या गावातल्या जुन्या घराण्यांचे आपापले कोआ आहेत. कोआवर नुसतं जाऊन जाळं टाकायचं नसतं. आधी काही महिने तिथे रोज चारा घालायचा, उकडून कुटलेल्या अळकुड्या आणि लाल भोपळा. त्या दिवसांत एकही मासा उचलायचा नाही. मासे माणसाळतात, होडीच्या सावलीखाली गोळा होतात, आणि मग हंगामात लागतील तेवढेच घ्यायचे. केपा म्हणायचा, "कोंबड्या पाळतेस ना तू? तसंच. फक्त माझ्या कोंबड्या परसात हगत नाहीत."

आता समुद्रात काही खांब रोवता येत नाही. मग जागा सापडायची कशी? जमिनीवरच्या खुणांवरून. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की समुद्रावर एक रेघ मिळते. त्या रेघेवरून होडी पुढे नेत राहायची. मग वर डोंगरावरच्या दुसऱ्या दोन वस्तू एकीच्या डोक्यावर एक बसल्या की थांबायचं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली कोआ. खालची खूण हरवली किंवा वरची हरवली, तर हातात उरते नुसती रेघ, आणि रेघ म्हणजे समुद्रात मैलभर काहीही.

या खुणा जमिनीवर उच्चारायच्या नाहीत, कागदावर काढायच्या नाहीत, बोटाने दाखवायच्या नाहीत. बापाने आपल्या एका मुलाला होडीत बसवून, खूण डोळ्यांसमोर असताना, हनुवटीने दाखवायची. केपाच्या घराण्यात हे असंच चालत आलं. आणि केपाला एकच मूल होतं, नोहेआ.

नोहेआला लहानपणी समुद्राचा कंटाळा होता. माशाच्या वासाने ती नाक धरून शाळेत जायची. मोठी झाली आणि आमच्याकडची अर्धी पोरं जातात तशी लास वेगासला गेली, तिथल्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला. केपाने तिला अडवलं नाही. मला मात्र म्हणाला, "वाळवंटात गेली. माझी पोर वाळवंटात गेली, लेपेका." लेपेका म्हणजे मी.

हाना गेली तेव्हा नोहेआ आली होती. आईला पुरून आल्यावर ती अंगणात बापाशेजारी बसली आणि म्हणाली, "पापा, मी कायमची तिकडे नाही राहणार. मला कोआ दाखव." केपाने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. तो रडत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. "दाखवतो," तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून ये. निवांत दाखवतो."

आणि त्याच पावसाळ्यानंतर पलीकडच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर नवं भोक पडलं.

ज्वालामुखी आमच्याकडे आयुष्यभराचा शेजारी. त्याचा धूर अधूनमधून यायचाच, आणि 'पेलेआजीने', म्हणजे ज्वालामुखीच्या देवीने, 'चूल पेटवली' म्हणून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पण या भोकातून रात्रंदिवस गंधकाचा वायू निघायला लागला, आणि तो थांबेना. तो वायू डोळ्यांना दिसत नाही. नाकाला कळतो, घशाला कळतो. वारा त्याला बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आमच्या बाजूला आणतो, आणि वाटेत ऊन आणि समुद्राची दमट हवा लागून त्याचे बारीक बारीक कण होतात. तेच आमचं धुरकं. माझ्या माहेरच्या बाजूला, डोंगराजवळ, ते निळसर दिसायचं, विडीच्या धुरासारखं. आमच्यापर्यंत येईस्तोवर कण फुगलेले असायचे आणि सगळं पांढुरकं, राखाडी. आमच्या बाजूला डोंगराचा आडोसा, वारा पडलेला. आलेलं धुरकं जायचं नाव घेत नसे.

छपरांचे खिळे गंजले. टाकीचं पाणी पिऊ नका असं सरकारी लोक सांगून गेले. दुपारी तीन वाजता सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा आणि संध्याकाळी समुद्राला टेकायच्या आधीच, अर्ध्या आकाशात, विरून जायचा. पर्यटक वरच्या रस्त्यावर गाड्या थांबवून त्याचे फोटो काढायचे. "किती सुंदर लाल!" असं एक बाई मला म्हणाली. मी तिला म्हटलं, "हो ना. आमच्या छातीतून गाळून आलाय."

आणि डोंगर गेला. एका दिवसात नाही गेला. आधी त्याचा हिरवा रंग गेला. मग रानाचे आणि कुरणाचे तुकडे वेगळे दिसेनासे झाले, सगळं एकच फिकट निळं. मग निळंही गेलं, नुसती राखाडी कड उरली. मग कडही नाही. होडीतून मागे वळून पाहिलं तर किनारा, चर्च, माडांची रांग, आणि त्यामागे एक पांढरी भिंत. गावातून तर वरचा डोंगर एरवीही दिसत नाही, कारण आमच्या डोक्यावरच कडा आहे. डोंगर पाहायचा तर समुद्रातूनच.

पुढच्या उन्हाळ्यात नोहेआ आली. बाप-लेक पहाटे 'फिरायला' गेले. खालची रेघ त्याने तिला दाखवली. किनारा दिसत होता. वरची दिसेना. सकाळी तर आणखीच वाईट, कारण आमच्याकडे सूर्य डोंगरामागून उगवतो. ऊन समोरून त्या कणांत घुसलं की धुरकं दुधासारखं उजळतं आणि त्याच्यापलीकडचं जे काही असेल ते पुसून जातं. केपाने विचार केला, संध्याकाळी ऊन आपल्या पाठीवर असेल, तेव्हा जाऊ. संध्याकाळी गेले. खरंच थोडं जास्त दिसलं. डोंगराच्या पायथ्याचं एक हिरवं टेकाड राखाडीतून वर आलं. त्याच्या वरचं काही दिसेना.

"मग वर काय आहे ते सांगून तर टाक," ते परतले तेव्हा मी अंगणातूनच ओरडले.

"दिसल्याशिवाय?" केपा म्हणाला. "न दिसणारी खूण सांगायची म्हणजे तुझ्या कॉफीत कॉफी आहे म्हणण्यासारखं."

नोहेआ हसली. तेव्हा आम्ही सगळेच हसलो. पुढच्या वर्षी हवा निवळेल असं वाटत होतं.

हवा निवळली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तिला रजा मिळायची ती उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात वारा अगदी नेमाने वाहतो आणि धुरकं नेमाने आमच्याकडे आणून टाकतो. हिवाळ्यात कधीतरी वारा उलटा फिरतो. तेव्हा धुरकं पलीकडे माझ्या माहेरच्यांच्या नाकात जातं आणि आमचं आकाश धुतल्यासारखं निघतं. पण तोच उलटा वारा आमच्या बाजूचा समुद्र खवळवतो. लाटा चर्चच्या पायरीपर्यंत येतात, होडी घालायची हिंमत कोणी करत नाही. म्हणजे समुद्र शांत तेव्हा डोंगर आंधळा, आणि डोंगर उघडा तेव्हा समुद्र बंद. केपा अशा दिवशी किनाऱ्यावर उभा राहून त्या स्वच्छ हवेला शिव्या घालायचा. मी त्याच्या तोंडून तशा शिव्या आधी कधी ऐकल्या नव्हत्या.

सुरुवातीला तो एकटा अंदाजाने जायचा, खालच्या रेघेवरून पुढे जात काचेच्या बुडाची पेटी पाण्यात धरून थवा शोधायचा. दोनचार वर्षं जमलं. मग छाती धरायला लागली. चार वल्ही मारली की बसून श्वास घ्यायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फवारा दिला आणि हे गाव सोडा म्हणाले. केपाने फवारा घेतला. गाव सोडायचं ऐकून म्हणाला, "कोंबड्यांना कोण घालेल?" डॉक्टरांना वाटलं खरंच कोंबड्या आहेत. पुढे कोआला चारा घालणं थांबलं. त्या दिवसापासून तो माझ्याकडे कॉफी प्यायला आला की समुद्राकडे पाठ करून बसायचा. डोळ्यांतही मोतीबिंदू वाढला. शस्त्रक्रिया करू या म्हटलं तर म्हणायचा, "पाहायचं काय आहे? धुरकं? ते मिटल्या डोळ्यांनी दिसतं."

चर्चमध्ये एकदा नोहेआच्या चुलतभावाने, काएआने, त्याला डिवचलं. "अंकल, मोबाइलमध्ये ती जागा टाकून ठेवा की. एक बटण दाबलं की झालं. हवा गेली खड्ड्यात."

"मोबाइल तुझ्या खिशात," केपा म्हणाला, "आणि तुझा खिसा शनिवारी बारच्या टेबलावर. सोमवारी सगळा कोना किनारा माझ्या मुलीच्या जागेवर जाळी टाकत बसेल."

सगळे हसले. काएआसुद्धा हसला, कारण ते खरं होतं.

मग ते मोठं वर्ष आलं. पलीकडच्या बाजूला जमीन फाटली, लाव्हा वस्त्यांतून वाहिला, माझ्या ओळखीच्या लोकांची घरं गेली. त्या महिन्यांत आमच्याकडे इतकं धुरकं होतं की मला माझ्या दारातून केपाचं दार मळकट दिसायचं. आणि मग एक दिवस ते सगळं थांबलं. ज्वालामुखीच्या माथ्यावरचं भोक ढासळून बुजलं. आधी कोणाचा विश्वास बसेना. आठवड्याभराने पहाटे मी चूळ भरायला बाहेर आले तर आकाश निळं होतं. फिकट नाही, राखाडी नाही, निळं. संध्याकाळी सूर्य सबंध, गोल, पिवळा, थेट पाण्यापर्यंत खाली आला. आम्ही किनाऱ्यावर उभे राहून पाहत होतो. पलीकडे लोक बेघर झाले होते आणि आम्हाला सूर्यास्त मिळाला होता, म्हणून मोठ्याने कोणी काही बोललं नाही. केपाने फक्त विचारलं, "डोंगर?"

काएआ होडीतून नुकताच आला होता. "सगळा दिसतोय अंकल. एकेक घळ मोजून घ्या. इतका जवळ आलाय की हात लावावासा वाटतो."

"जवळ नाही आला," केपा म्हणाला. "दहा वर्षं लांब वाटत होता." आणि घरी जाऊन त्याने नोहेआला फोन लावला.

तिने मालकिणीशी भांडून रजा काढली. ती आली तोपर्यंत केपाला उभं राहायलासुद्धा कोणाचा तरी खांदा लागत होता. एकट्या मुलीच्या जिवावर त्याला होडीत घालायचं म्हणजे वेडेपणा होता. तेव्हा त्याने फर्मान काढलं, की लेपेका येईल, पण होडीच्या नाकाडावर, पुढच्या टोकाला बसेल, डोंगराकडे पाठ करून, आणि वळून पाहणार नाही.

"आणि कान?" मी विचारलं.

"कान बंद करायचे."

"कशाने? हात चाऱ्याच्या बादलीत असणार माझे."

"मग ऐक आणि विसर," तो म्हणाला. "तसंही तुझ्या लक्षात काय राहतं!"

मी रात्रभर अळकुड्या आणि भोपळा उकडला होता. उलांडीच्या होडीला मागे इंजिन होतं, तिथे नोहेआ. मधे केपा, दोन उशांत खोचलेला. पुढे मी, त्या दोघांकडे तोंड करून उलटी बसलेली, आणि बाहेर जाईस्तोवर नजर चाऱ्याच्या बादलीत. दुपार कलली होती. गाव सोडून बरंच बाहेर गेल्यावर नोहेआने होडी फिरवली, नाकाड डोंगराकडे केलं. आता त्या दोघांच्या मागे मोकळा समुद्र होता आणि ऊन त्यांच्या पाठीमागून येऊन माझ्या डोळ्यांत जात होतं. तिने डोंगर पाहिला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिशी उलटलेली बाई, लहान पोरीसारखी म्हणाली, "पापा, किती रंग आहेत!"

"सांग मला," केपा म्हणाला.

ती सांगत गेली. खालचा काळा दगडी पट्टा, त्यावरचं पिवळट गवत, मग कॉफीच्या बागांचा काळपट हिरवा, मग रानाचा निळसर हिरवा, घळींतली जांभळी सावली. केपा डोळे मिटून ऐकत होता. त्याला स्वतःला त्यातलं काही दिसत नव्हतं. मोतीबिंदूमुळे त्याच्यासाठी धुरकं अजून होतंच. ते मला तेव्हा कळलं. हवा निवळली ती त्याचे डोळे गेल्यावर.

खालची रेघ कोणती ते मी इथे सांगणार नाही. ती अजून जिवंत आहे. त्या रेघेवर होडी घेतल्यावर केपाने नोहेआला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हिरवं टेकाड दिसतंय? त्याच्या वर कडा आहे. कड्यावर एकच मोठं ओहिआचं झाड आहे, एकटं, बाकी सगळं बोडकं. आपण पुढे सरकलो की ते झाड डावीकडून टेकाडावर येतं. ते टेकाडाच्या बरोबर डोक्यावर बसलं, की थांबायचं. दिसतंय झाड?"

मी नोहेआकडे पाहत होते. माझ्यासमोर दुसरं होतंच काय पाहायला? तिने कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. मग उलट, पुन्हा पाहिला. हात कपाळावर धरून पाहिला. ऊन तर तिच्या पाठीमागे होतं, कपाळावर हात कशाला? तिच्या ओठांचा रंग उतरला.

"नोहेआ?" केपा म्हणाला. त्याने मान किंचित पुढे काढली होती. "दिसतंय ना?"

"हो पापा," ती म्हणाली. "दिसलं. दिसतंय."

त्याने इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं, आता फवारा द्यावा लागतो. त्याने नको म्हणून हात हलवला. "मग हळू चल. बसलं की सांग."

इंजिन हळू धडधडत राहिलं. नोहेआ डोंगराकडे न पाहता बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता, पापा. बसलं," आणि इंजिन बंद केलं.

केपाने माझ्या बादलीत हात घातला आणि चारा स्वतः सोडला, मूठ मूठ. काचेची पेटी नोहेआने पाण्यावर धरली. खाली निळं आणि आणखी निळं. काही नाही. "विसरले आपल्याला," केपा म्हणाला. "साहजिक आहे. घालत राहा. येतील." आणि तो हसला. हाना गेल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. परत येताना मी वळून पाहिलं नाही. ऊन गेलंय असं सांगून मी डोळे पुसत होते. नोहेआला काय झालं होतं ते मला नीट कळलं नव्हतं, आणि विचारायचा अधिकारही नव्हता.

हिवाळ्यात केपाला दवाखान्यात ठेवलं. नोहेआ नोकरी सोडूनच आली. नाकात नळ्या, तरी जीभ शाबूत. एका दुपारी तो चांगला शुद्धीवर होता, लेकीचा हात धरून म्हणाला, "एक गंमत सांगू? त्या दिवशी होडीत मी घाबरलो होतो."

"कशाला, पापा?"

"झाड गेलं असेल म्हणून. काएआ सांगत होता ना, वर रानात ओहिआला बुरशीचा रोग पडलाय, झाडं उभ्या उभ्या वाळतायत. मला वाटलं, आपलंही गेलं असणार. पण माझ्या बापाने मला एक राखीव खूणही दाखवून ठेवली होती. झाड पडलं तर वापरायची. ती मी जिभेवर घेऊनच बसलो होतो. तू नाही म्हणाली असतीस ना, तर लगेच दाखवली असती." तो थांबला, श्वास घेतला. "पण तू म्हणालीस दिसतंय. मग गिळून टाकली. झाड उभं असताना राखीव खूण दाखवायची नसते. दाखवली तर झाड मरतं."

नोहेआचा हात त्याच्या हातात होता. ती म्हणाली, "मग आता सांग ना."

"जमिनीवर?" केपाला खरंच हसू आलं. "दवाखान्यात? त्या नर्ससमोर? मला बरं होऊ दे. झाड पडलंच कधी, तर होडीत घाल आणि विचार."

ती उठून बाहेर गेली. मी मागे गेले. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती म्हणाली, "आँटी, तिथे झाड नव्हतं. कड्यावर काहीच नव्हतं. मी कुठेही थांबवली होडी. त्याला आनंद व्हावा म्हणून."

मला रागही आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं. "जा," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता आत जा आणि खरं सांग. ओरडेल, शिव्या देईल, आणि मग सांगेल. जमीन की समुद्र ते पेलेआजी बघून घेईल."

ती आत गेली. मी दारात उभी राहिले. ती पुन्हा त्याच्याजवळ बसली, त्याचा हात घेतला, तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे मान वळवली. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचा स्वतःचा चेहरा इतका निश्चिंत होता, इतका मोकळा, की मलाही वाटलं, नको.

"पापा," ती म्हणाली, "उन्हाळ्यात चारा कुठला घालू? अळकुड्या की भोपळा?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि तिला सांगायला लागला, किती उकडायचं, किती कुटायचं, पहिल्या महिन्यात किती घालायचं, भरती असताना घालायचं की ओहोटीला. दमला तरी सांगत राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं. दोन रात्रींनी तो गेला, झोपेत, हसऱ्या चेहऱ्याने. आम्ही त्याला हानाशेजारी ठेवलं.

नोहेआ आता इथेच राहते, बापाच्या घरात. गावात कोणाला काही माहीत नाही. लोक म्हणतात, पोर बापावर गेली, तशीच आडमुठी, मोबाइल हातात धरत नाही. ती उन्हाळाभर रोज जाते. खालची रेघ तिच्याकडे आहे. त्या एका रेघेवरून ती होडी पुढेमागे नेत राहते, काचेच्या पेटीत डोकं घालून पाहते, आणि जागोजागी थोडा थोडा चारा टाकते. रेघ लांब आहे आणि समुद्र खोल. अजून थवा लागलेला नाही. काएआ तिला म्हणतो, "अगं, एका जागी घाल, माशांना कळेल कसं?" ती बादली उचलते आणि निघते.

परवा तिने मला सोबत नेलं. यावेळी मी डोंगराकडे तोंड करून बसले, आता कोण अडवणार? हवा इतकी स्वच्छ होती की वरच्या कुरणातल्या गाई पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. एकेक घळ, एकेक खडक, कुठल्याशा घराचं लाल छप्पर, गवतातली वाट. त्यातलंच काहीतरी एक केपाने जिभेवर धरून ठेवलं होतं. ते तिथेच आहे, आमच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात. नोहेआने इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघी खूप वेळ त्या डोंगराकडे पाहत बसलो. सगळं दिसत होतं, आणि त्यातलं कोणतं ते सांगायला कोणी नव्हतं.